चरबी कुठे चढली

"ससा कुठाय?" कस्टम्सच्या माल सोडवण्याच्या खिडकीतल्या कारकुनाने विचारले.

"ससा नाहीये हो," प्रयोगशाळेचे स्टोअरवाले पुन्हा म्हणाले. "सशाच्या रक्तातून काढलेली अँटिबॉडी आहे. करंगळीएवढी कुपी."

"कागदावर ससा लिहिलंय. जनावर म्हटलं की तब्येतीचा दाखला लागतो."

"कुपीची तब्येत कोण तपासणार? पेटीतला सुका बर्फ उडून गेला की नासेल ती."

"एवढं काय आहे त्यात?"

"कॅन्सरच्या गाठी स्वतःची चरबी स्वतःच तयार करतात. ती बनवणारं एक एन्झाइम असतं. ही त्याला जाऊन चिकटते, मग तेवढी जागा तपकिरी दिसते."

"चरबी," कारकून शेजारच्याला म्हणाला, "या खिडकीशी येणाऱ्या प्रत्येकाला असते. तपासायला कशाला लागतं?"

स्टोअरवाल्यांनी ओठ आवळले. हाच विनोद त्यांच्या ताईने जास्त चांगला केला होता. गाठीचा तुकडा संशोधनाला द्यायची सही करताना म्हणाली होती, "आई जन्मभर म्हणायची, कार्टीला चरबी चढलीय. बघू दे आता शिकलेल्यांना, नेमकी कुठे चढलीय ती." ताई गेली, तुकडा राहिला. कापता कापता त्याचीही एकच स्लाइड उरली, आणि ती या कुपीसाठी राखून ठेवली होती.

मोठे साहेब जेवून आले, कागदावरच्या सशाला हसले आणि शिक्का मारला. तोवर पेटी हाताला फार हलकी लागत होती.

प्रयोगशाळेत संशोधन करणाऱ्या मॅडमनी कुपी आधी, एन्झाइम नक्की असलेल्या नेहमीच्या चाचणीच्या तुकड्यावर वापरून पाहिली. दुसऱ्या दिवशी रंग आला, पण पाणी घालून वाढवलेल्या चहासारखा.

"अगदीच मेलेली नाही," त्या म्हणाल्या. "ताईंची स्लाइड करून टाकू का? संशोधनाचा लेख पाठवायचाय. नवी कुपी यायला महिने जातील."

"आणि रंग नाही आला तर?"

"तर एन्झाइमच नव्हतं की कुपीत दम नव्हता, ते कळणार नाही. स्लाइड मात्र संपलेली असेल."

"मग नको, मॅडम. नवी मागवा, खिडकीतल्या त्या माणसाशी मी परत डोकं फोडतो."

"लेखात ताई नसतील मग."

स्टोअरवाल्यांनी स्लाइड उजेडात धरली. काचेवर दिसण्यासारखे काही नव्हते; बोट लागून धूसर व्हावी तेवढीच जागा. त्यांनी ती डबीत घालून फ्रीझरमध्ये सरकवली. दार धड बसत नव्हते. ते खांदा लावून, खटका लागेपर्यंत तिथेच उभे राहिले.