न्हावी मयत

पैज लागली जिन्यात. पेन्शन ऑफिसातल्या कारकुनाला मेनफ्रेम शिकायला बसवलंय हे कळताच खालच्या मजल्यावरचा न्हावी पोट धरून हसला.

"तुला घरचा रिमोट जमत नाही. शनिवारपर्यंत ते धूड शिकलास, तर भर चौकात माझी अर्धी मिशी उडवीन."

"नाही शिकलो तर माझी उडव," कारकुनानं आपली झुपकेदार मिशी कुरवाळली.

मेनफ्रेम म्हणजे ऑफिसचा जुना अवाढव्य संगणक, तळघरात घुमणारी कपाटं. वर टेबलावर नुसता काळा पडदा, हिरवी अक्षरं. शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "सरावाचा पडदा आणि खरा पडदा दिसायला सारखेच. कोपऱ्यात 'स' असेल तरच खेळा. 'ख' दिसला की हात मागे."

कारकून मूळचाच खोडकर. सरावाला त्यानं न्हाव्यालाच धरलं. गावातल्या सगळ्यांच्या नोंदींत त्याचं नाव शोधलं, 'हयात' खोडून 'मयत' ठोकलं, एंटर दाबलं आणि गालातल्या गालात हसला. मग कोपऱ्याकडे नजर गेली. ख.

परत 'हयात' लिहायला गेला, तर कीबोर्ड अडकला.

"मयत लिहिलं की तो रकाना बंद," मॅडम म्हणाल्या. "तिथून कुणी परतेल असं बनवणाऱ्यांना वाटलंच नसणार. आता ही नोंद बँकेत, दवाखान्यात, सगळीकडे जाईल."

सकाळी न्हावी जिन्यात भेटला. "काय रे, बँकेचं काचेचं दार आज माझ्यासाठी उघडेचना."

कारकून हसणार होता. पण माणूस आला की आपोआप लागणारा जिन्यातला दिवा न्हाव्याच्या डोक्यावर विझलेलाच होता.

दुपारी गिऱ्हाईकं दुकानात डोकावून 'कुणी नाही वाटतं' म्हणत परतली. संध्याकाळी न्हाव्याच्या बायकोनं एकटीपुरतं वाढून घेतलं. तो समोर बसून हाका मारत होता.

"मला परत आण बाबा," तो कारकुनाला म्हणाला. आता तो दिसायचा फक्त कारकुनाला. एंटर त्यानंच दाबलं होतं ना.

कारकून जन्मात शिकला नव्हता तसा शिकायला लागला. एकेक पडदा उघडला, एकेक आज्ञा घोकली. दर वेळी त्या रकान्यापाशी कीबोर्ड अडकायचा.

शनिवार उजाडला. कारकून चौकात खुर्ची टाकून बसला.

"हरलो. न्हावी माझी मिशी काढणार आहे."

"कुठला न्हावी?" भाजीवाली म्हणाली. "तो गेला ना बिचारा. ह्याचं डोकं फिरलंय."

लोक हसले. मग कारकुनाच्या ओठावर आपोआप फेस चढला. गार पातं टेकलं. पांढऱ्या कापडावर केसांचा पुंजका पडला, आणि हसणं एकेक करून थांबलं.

न्हाव्याची बायको गर्दीतून पुढे आली. खुर्चीशेजारच्या रिकाम्या जागेत, खांद्याच्या उंचीवर, तिनं हात टेकवला. हात खाली पडला नाही.

"अहो," ती हळूच म्हणाली, "जपून. हात थरथरतोय तुमचा."