दोन बोटं लांब

माझ्या शिलाईच्या दुकानावर नाचाचा वर्ग भरतो. ढोल सुरू झाला की सुईत दोरा जात नाही. मी लाकडी गजाने छत ठोकायचो. वर घटकाभर शांतता, मग पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

एक दिवस नाचाच्या बाई एका आठ वर्षांच्या मुलीला आणि तिच्या आत्याला घेऊन आल्या.

"मास्तर, हिला नाचासाठी घोळदार फ्रॉक हवाय. आणि ते ठोकणं बंद करा. ही मुलं युद्धातून आलीत. खालून ठोकलं की ही टेबलाखाली शिरते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गज कोपऱ्यात ठेवला आणि टेप काढली. मुलगी चवड्यांवर उभी होती.

"टाच टेक गं, माप घेतोय."

टेकेना. आत्या म्हणाली, "अकरा महिने माळ्यावर लपलो होतो, खाली शिपाई. हिची आई सांगायची, चवड्यांवर चाल, आवाज नको. आई गेली, हिने ते सोडलं नाही. डॉक्टर म्हणतात, आणखी दोन-तीन महिने असंच चाललं तर शिरा आखडतील, टाच कधीच टेकणार नाही. घ्या तसंच माप."

घेतलं. तीस वर्षांत माझं माप चुकलेलं नाही.

पुढे महिनाभर वरून बाईंचं ओरडणं ऐकत होतो, "ढोलाला टाचेने उत्तर द्या!" वीसेक टाचा धपाधप पडायच्या. त्यात तिची आहे का, हे ऐकायचा मला नादच लागला. काय कप्पाळ कळणार!

फ्रॉक घालून बघायला दोघी आल्या, तेव्हा वर ढोल वाजत होता. आत्या खवळली. "अहो, जमिनीपासून बोटभर वर सांगितला होता, हा तर जमिनीवर लोळतोय!"

वहीतला आकडा बरोबर होता. माझंही डोकं फिरलं. तणतणत गुडघ्यांवर बसलो आणि फ्रॉकची कड उचलली. दोन्ही टाचा जमिनीवर होत्या.

आत्याने तोंडावर हात ठेवला. "घरी अजून चवड्यांवरच चालते हो."

तेवढ्यात ढोल थांबला. टाचा हलकेच उचलल्या जाऊ लागल्या. मला राहवेना. हाती लागली ती कात्री घेऊन मी टेबलाच्या पायावर तोच ठेका धरला. मुलीने माझ्याकडे पाहिलं. टाचा पुन्हा टेकल्या.

"मास्तर, माप घ्या," आत्या कुजबुजली.

"तुम्हीच घ्या," मी म्हणालो. "माझा हात रिकामा नाही."

माझ्या दुकानात दुसऱ्या कुणी माप घेण्याची ती पहिलीच वेळ. आत्याच्या हातून टेप दोनदा पडली. मी ठेका सोडला नाही.