पांढऱ्या पेशींचा आकडा

"पुन्हा मोज," कंपनीच्या डॉक्टरांनी रिपोर्ट परत सरकवला.

जयप्रकाशने तिसऱ्यांदा मायक्रोस्कोपला डोळा लावला. रक्त तुळशीरामचं होतं. शिरवणे गावात दोघांची घरं भिंतीला भिंत लागून, आणि इथे कारखान्यात तो बेन्झिनच्या टाकीवर कामाला. निरोगी माणसाच्या रक्तात पांढऱ्या पेशी निदान चार हजार तरी भरतात. बेन्झिनची वाफ रोज हुंगून तुळशीरामच्या बावीसशेवर जाईनात. गावाची शेतं कारखान्यांखाली गेली, तेव्हा लॅबमधली, खुर्चीवरची नोकरी मिळालेला जयप्रकाश एकटाच, आणि अजून तो कायम झालेला नव्हता. खोटं लिही, असं डॉक्टर कधीच म्हणाले नाहीत. माणूस हुशार होता, नुसता पुन्हा मोजायला लावायचा. चौथ्या खेपेला जयप्रकाशने बावन्नशे लिहिले आणि सही झाली.

संध्याकाळी तुळशीराम ओट्यावर बसला होता. "काय रे, रगत कसा हाय माजा?"

"चांगला हाय, दादा. टेन्शन नको घेऊ."

त्र्याऐंशीच्या फाल्गुनात गावात कांजिण्या आल्या. पोरंटोरं आठ दिवस अंग खाजवून पुन्हा हुंदडायला लागली. तुळशीराम मात्र उठला नाही. त्याचे फोड काळे पडले, आजार छातीत उतरला, आणि सातव्या दिवशी सगळं आटोपलं. देवी कोपली, असं गाव म्हणालं. जयप्रकाशला कॉलेजात शिकवलेलं आठवत होतं. नवा विषाणू अंगात शिरला की त्याची ओळख पटवून खास फौज उभी राहायला आठवडा जातो. तोवर ओळखदेख न विचारता ज्या पांढऱ्या पेशी धावून जातात, त्यांच्या जिवावर माणूस तगतो. तुळशीरामच्या अंगात धावून जायला फारसं कुणी उरलंच नव्हतं. हे गावात एकट्या जयप्रकाशला कळत होतं आणि तो मूग गिळून बसला. लाज वाटत होती, पण नोकरी जायची भीती त्याहून मोठी होती.

बारावं झालं आणि तुळशीरामची आई येसूबाई जयप्रकाशच्या दारात आली. धाकट्या सितारामला भावाच्याच जागेवर घ्यायला कंपनी तयार झाली होती.

"त्याचा रगत तूच तपास, बाला," ती म्हणाली. "दुसऱ्या कुनावर माजा भरोसा नाय."

"बरं, काकी," जयप्रकाश म्हणाला.

सोमवारी सितारामने बोट पुढे केलं. आकडा भरला सात हजार चारशे. डॉक्टरांनी एकदाच पाहिलं आणि सही केली. कित्येक महिन्यांनी जयप्रकाशने टाकीवरच्या माणसाचा आकडा दिसला तसा लिहिला होता. बोटावरचा कापूस दाबत सिताराम टाकीकडे निघून गेला.