मूळ साच्यातून, जशीच्या तशी

मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलेले नाही. पण माझ्या पोटातून निघालेली गाडी तुमच्यापैकी एखाद्याच्या कपाटावर नक्की असेल. मी एक जुना पोलादी साचा आहे. माझे दोन जड भाग एकमेकांवर घट्ट मिटतात, मशीन त्यांच्यामध्ये वितळलेले प्लॅस्टिक दाबून भरते, आणि मी उघडलो की एका जुन्या मोटारीचे छोटे अंग बाहेर येते. चाके, काचा, दिवे असे सुटे भाग घालून ते खोक्यात भरतात आणि मुले ते घरी गोंदाने जोडत बसतात. बऱ्याचदा मुलांना बाजूला सारून त्यांचे वडीलच जोडतात.

मला घडवले ते दशांशरावांनी. हे त्यांचे खरे नाव नव्हे. मिलिमीटरच्या दशांशासाठीही ते हुज्जत घालत, म्हणून कारखान्याने त्यांना हे नाव चिकटवले आणि तेही त्यावर खूश होते. नमुन्यासाठी त्यांनी आपल्या दाजींची, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्याची गाडी निवडली. ती गाडी बनवणारी कंपनी तोवर बंद पडली होती. दाजी दर सुट्टीला ती स्वतःच्या हाताने धूत, दुसऱ्या कुणाला फडक्याला शिवू देत नसत. दशांशराव पुठ्ठ्याचे आकार कापून गाडीच्या अंगाला लावून बघत, तेव्हा दाजी जीव मुठीत धरून मागे उभे राहत आणि रंगाला जपायला सांगत.

त्या गाडीच्या कुशीवरून पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत एक उठावाची सलग रेघ जात होती. चाकांच्या वरूनही ती कुठे तुटत नव्हती. ती माझ्यात कोरताना दशांशरावांनी डोळ्यांत तेल घातले. एकदा जरा चुकली, तर पोलादाचा अख्खा ठोकळा टाकून दिला आणि थोरल्या मालकांची बोलणी खाल्ली. पहिली गाडी जोडून झाली तेव्हा ताई आणि दाजी ती बघायला कारखान्यात आले. दाजींनी रेघेवरून अंगठा फिरवला आणि ताईंना म्हणाले, "अगं, ही आपलीच आहे. फक्त बसता येणार नाही." माझ्यासारख्या लोखंडाच्या गोळ्यालाही त्या दिवशी मूठभर मांस चढले.

पुढची कित्येक वर्षे मला उसंत नव्हती. पट्टी घेऊन चुका शोधणारे शौकीनसुद्धा नाक मुरडायला जागा न सापडून परत जात. मग हळूहळू आवड बदलली. लोकांना रुंद चाकांच्या, शर्यतीच्या गाड्या हव्या झाल्या. माझ्यातच फेरफार करावा असे थोरल्या मालकांच्या मनात आले. दशांशराव म्हणाले, शर्यतीसाठी वेगळा साचा करू, याला हात लावू नका. मालकांनी चारचौघांत शब्द दिला की त्यांना विचारल्याशिवाय मला कुणी हत्यार लावणार नाही.

त्याच सुमारास दाजींचे डोळ्यांचे ऑपरेशन बिघडले. दशांशराव रजा घेऊन बहिणीच्या मदतीला गेले, आणि इकडे मला उचलून कटिंगच्या मशीनवर चढवले. माझ्यातले पोलाद कापले की गाडीवर तितके प्लॅस्टिक वाढते. चाकांवरच्या कमानी फुगवण्यासाठी माझ्या कुशी पोखरल्या आणि ती रेघ चारही चाकांपाशी तुटली. कापलेले पोलाद परत येत नाही, मित्रांनो. केसाने गळा कापणे म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळले. दशांशराव परतले, कापलेल्या जागेवरून त्यांनी एकदा बोट फिरवले, आपली हत्यारे पिशवीत भरली आणि निघून गेले. दाजींची दृष्टी गेली. त्यांची गाडी विकली गेली आणि पुढे भंगारात गेली, असे कानावर आले.

शर्यतीचीही हौस फिटल्यावर मी अडगळीत पडलो. कुणी अंगाला तेल लावीना. असा बराच काळ गेला आणि अचानक जुन्या गाड्यांना पुन्हा भाव आला. धाकट्या मालकांनी खोक्यावरचे जुने चित्र जसेच्या तसे छापून घेतले. खाली ठळक अक्षरांत लिहिले, 'मूळ साच्यातून, जशीच्या तशी'. त्याखाली दशांशरावांचे नाव घातले आणि त्यांना सन्मानाने पुन्हा कामावर बोलावून आणले.

त्यांना पाहून माझा जीव भांड्यात पडला. आता हे मला नीट करतील, अशी माझी खात्री होती. त्यांनी मला निरखले आणि सांगितले की पोखरलेली जागा वेल्डिंगने भरून रेघ पुन्हा कोरावी लागेल. धाकटे मालक हसले. "काका, कुणाला कळणार आहे? चित्र बरोबर आहे, तुमचं नाव आहे." दशांशराव खोक्यावरच्या आपल्या नावाकडे बघत राहिले. मला वाटले, कामाला कुठून हात घालावा याचा विचार करत असतील.

नव्या खोक्याचा समारंभ मशीनपाशीच झाला. दाजींना खास बोलावले होते. अलीकडे ते बरेच विसरू लागले होते, नातवंडांच्या नावांचीही त्यांच्याकडून गल्लत होई. पण गाडी मात्र त्यांना कणाकणाने आठवत होती. तेवढी एक गोष्ट शाबूत आहे, असे ताई सगळ्यांना सांगत होत्या. माझ्यातून निघालेले पहिले, अजून कोमट असलेले अंग धाकट्या मालकांनी दाजींच्या हातात दिले.

दाजींचा अंगठा पुढच्या दिव्यापासून निघाला आणि चाकापाशी थबकला. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. पुन्हा थबकले. दुसरी बाजूही चाचपून पाहिली.

"इथं तुटतेय," ते म्हणाले. "आपल्या गाडीची रेघ तुटत नव्हती."

ताई गोंधळल्या. त्यांनी खोक्यावरची ठळक अक्षरे वाचून दाखवली, मग भावाकडे वळल्या. "तू सांग बाबा. मापं तूच घेतली होतीस."

दशांशरावांनी धाकट्या मालकांकडे पाहिले, टाळ्यांसाठी जमलेल्या माणसांकडे पाहिले. "तीच आहे, दाजी," ते म्हणाले. "काही बदललेलं नाही."

"असं होय," दाजी म्हणाले. "मग हेही गेलं म्हणायचं माझ्या डोक्यातून." त्यांनी गाडी ताईंच्या हातात दिली आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिले. टाळ्या झाल्या.

मला ओरडून सांगायचे होते की दाजी, तुमचेच बरोबर आहे. पण पोलादाला कुठले तोंड? थोरल्या मालकांनी शब्द मोडला ते मी सोसले होते, कारण ते पडले मालक. दशांशराव माझे होते. त्यांनी असे करावे याचे दुःख मला गिळवत नाही.

परवा ताई भावाला भेटायला कारखान्यात आल्या होत्या. सांगत होत्या की गाडीविषयी काही विचारले की दाजी म्हणतात, मला नको विचारूस, खोक्यावर काय लिहिलंय ते बघ.

मित्रांनो, माझ्या अंगाला तेल लावा, असे मी मागत नाही. जुनी वस्तू पुन्हा काढताना ती बदलली असेल, तर तसे छापा. तेवढ्याने तिची किंमत जात नाही. आणि एखादे म्हातारे माणूस तुमच्यासमोर म्हणाले की हे असे नव्हते, तर त्याला खोका वाचून दाखवू नका.