पुढच्या सीटवरचा प्रश्न

"बावीस वर्षं कॉलेजच्या संघाची बस चालवतोयस, मग बोल की. आत तरी तो कोच पोरांवर ओरडतो का?" नाश्त्याच्या टेबलावर बर्लने अर्ज सॉसच्या बाटलीखाली दाबला आणि पेन व्हर्लिनच्या बशीजवळ सरकवलं.

व्हर्लिन पॅनकेक कापत राहिला. इंडियानातल्या त्या गावात माणसं हवापाण्यावर कमी आणि बास्केटबॉलवर जास्त बोलतात. कॉलेजचा संघ ओळीने नऊ सामने हरला होता. सोमवारी विश्वस्त कोच डेकरचा निकाल लावणार होते आणि त्यांना काढा म्हणून बर्ल सह्या गोळा करत होता.

"पलीकडच्या कॉलेजचा कोच बघ. खुर्ची उचलून आपटतो. पोरं पेटून उठतात. आणि आपला देवमाणूस हाताची घडी घालून बसतो, प्रार्थनेला आल्यासारखा."

"तुझ्या बापाने तुझ्यावर जन्मभर आरडाओरडा केला," समोरचा ऑरिन म्हणाला. "तू कुठे पेटलास?"

टेबलाभोवतीचे सगळे हसले. बर्ल मात्र पेन हलवेना. "सही कर, नाहीतर त्याच्या बाजूने काहीतरी सांग. मुकाट बसू नकोस."

पहिल्याच दिवशी कोचनी व्हर्लिनला एवढंच बजावलं होतं, की बसमधलं बसमध्येच राहू दे. त्याने तो शब्द बायकोपाशीही मोडला नव्हता. पण आज गप्प राहायचं म्हणजे भल्या माणसाला डोळ्यांदेखत घालवायचं, आणि ते त्याला सोसवेना.

"तुमच्यापैकी कुणी या आठवड्यात दुसऱ्या कुणासाठी काही चांगलं केलं असेल, तर ते सांगा," तो म्हणाला. "कुणाच्या नजरेत न आलेलं. स्वतःचं नाव घ्यायचं नाही."

ऑरिनने काटा खाली ठेवला.

"बर्ल मला दर मंगळवारी दवाखान्यात नेतो. डायलिसिससाठी. चार तास बाहेर गाडीत बसून राहतो. सोळा मंगळवार झाले."

"त्याचा इथे काय संबंध?" बर्ल लालबुंद झाला.

"हरल्यावर कोच पुढच्या सीटवर बसतात आणि एकेका पोराला शेजारी बोलावून हेच विचारतात," व्हर्लिन म्हणाला. "आपण हरलो म्हणून ती पोरं एकमेकांवर खापर फोडत नाहीत. मी बोलायला नको होतं."

बर्लने कागद घडी करून खिशात घातला तो पुन्हा बाहेर काढला नाही. पण गावात असे कागद आणखी चार फिरत होते. सोमवारी विश्वस्तांनी कोचना हंगाम संपताच निरोप द्यायचं ठरवलं.

पुढच्या शनिवारी दुपारी परगावचा शेवटचा सामनाही चार गुणांनी गेला. परतीच्या वाटेवर पोरं नेहमीसारखी एकेक करून पुढे आली. जो तो कोचचंच नाव घेऊ लागला. "मी संघात नाही," कोच प्रत्येकाला म्हणाले. "पुन्हा विचार कर." व्हर्लिनला रस्ता धूसर दिसत होता. त्याने बाहीने डोळे पुसले आणि गाडी हळू केली.

कॉलेजच्या आवारात पोरं उतरली. कोच बसून राहिले.

"कोच, मी बसमधलं बाहेर बोललो," व्हर्लिन म्हणाला.

"माहीत आहे. गाव केवढंसं आपलं." त्यांनी शेजारची जागा थोपटली. "ये. बावीस वर्षांत तुला कधी विचारलंच नाही मी."

व्हर्लिन स्टिअरिंग सोडून उठला आणि त्या सीटवर पहिल्यांदाच बसला. कोचचं नाव अगदी ओठांवर आलं होतं. पण कोचचं नाव घ्यायचं नाही, हा नियम त्याला ठाऊक होता.

"बर्ल," तो म्हणाला. "ऑरिनला दर मंगळवारी दवाखान्यात नेतो. या आठवड्यात सतरावा मंगळवार झाला."

"माझ्याविरुद्ध सह्या गोळा करणारा बर्ल?"

"तोच."

कोच पोरांना म्हणत तसंच म्हणाले, "चांगलं पाहिलंस. जा आता, पुढच्याला पाठव."

मागे कुणीच नव्हतं. तरीही व्हर्लिन उठला आणि त्यांच्या शेजारची जागा मोकळी करून दिली.