दहाव्याचा नवा घाट

तळ्यावरच्या दहाव्याच्या नव्या घाटावर माझा पहिल्यापासून संशय होता. जनतेच्या पैशातून बांधलेली वस्तू एवढी देखणी कशी? पंखासारखं वळलेलं पांढरं छप्पर, चकचकीत फरशी. उद्घाटनाला मोठी माणसं आली, फोटो काढून गेली. आमच्या गास गावच्या रस्त्यावर पावसाळ्यात पाणी तुंबतं ते तुंबतंच. "आपल्या गावाचं नाव होईल," माझा नवरा सुरज म्हणाला. मला काही ते पटलं नाही.

मग माझे सासरे बळीराम गेले. दहाव्याला सगळे त्याच घाटावर जमलो. पिंड पानावर मांडले आणि कावळा शिवायची वाट बघत बसलो. समोरच्या आंब्यावर कावळे होते, ओरडतही होते. पिंडाकडे मात्र एकही फिरकेना.

इच्छा राहिली असणार, सगळे म्हणाले. सुरजने हात जोडले, "बाबा, शेत विकणार नाय." कावळा नाही. चुलत सासऱ्यांनी बांधाचं भांडण मिटवल्याचं जाहीर केलं. तरी कावळा नाही. ऊन चढलं, आणि हळूहळू सगळ्यांचे डोळे माझ्याकडे वळले. आजारपणात त्यांना भरवलं मी, अंघोळ घातली मी. म्हणजे काही राहिलं असेल तर तेही माझ्याच हातून!

सासूबाई जवळ सरकल्या. "तेजस्वी, कोनाला सांगनार नाय मी. पन खरा सांग, शेवटच्या दिवशी काय बोललीस त्यांना?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "काही नाही बोलले. पेज पाजली." त्यांनी मान फिरवली.

रडू आवरायला मी खाली बघितलं. फरशी स्वच्छ होती. चारी बाजूंनी मोकळी जागा, समोर एवढी पाखरं, आणि शिटेचा एक डाग नाही? मी वर पाहिलं. छपरापासून कठड्यापर्यंत बारीक जाळी ताणलेली, उन्हात दिसतही नव्हती. पांढरा रंग खराब होऊ नये म्हणून पाखरांना बंदी. आणि ती दहाव्याच्या घाटावर!

मी सरळ पान उचललं. "बाईने हात लावू नये," कोणीतरी ओरडलं. जाळीच्या दारातून बाहेर पडून मी पान तळ्याच्या मातीवर ठेवलं. चार पावलं मागे सरले नाही तोच कावळा झेपावला.

"जाळी होती, जाळी!" मी बोट करून दाखवलं. सुरजने वर पाहिलं. सासूबाईंनी पाहिलंच नाही. त्यांनी डोळे पुसले, कावळ्याला नमस्कार केला आणि माझ्या नणंदेला म्हणाल्या, "पाहिलास ना? हिनी हात लावला तवाच शिवला. हिच्यापाशीच अडकला होता त्यांचा जीव."