तेवीस महिने तीस दिवस

एक एप्रिलपासून एकतीस मार्चपर्यंत महिने किती, हे सांगायला काही पंडित लागत नाही. बारा. दोन वर्षांचे चोवीस. बारकीच्या सासूबाईंनी तर सकाळी चहा पिता पिता ते बोटांच्या पेरांवर मोजून दाखवलं होतं. पण परीक्षा कार्यालयाच्या चार नंबरच्या खिडकीतला कम्प्युटर तेवीस म्हणत होता, आणि तिसऱ्यांदा विचारलं तरी तेवीसच.

"तेवीस महिने, तीस दिवस," कारकून म्हणाला. "अनुभव यंदाच्या एकतीस मार्चपर्यंत चोवीस महिने पूर्ण लागतो."

"साहेब, एक एप्रिलला सकाळी मी कामावर होते, एकतीस मार्चला संध्याकाळीही कामावर होते. मग मधला दिवस गेला कुठे?"

"मधला नाही, शेवटचा. सिस्टिम शेवटचा दिवस धरत नाही."

"मी धरला होता की! आठ तास उभी होते."

"मला मान्य आहे हो. सिस्टिमला नाही."

बारकी एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात बॉयलरवर मदतनीस होती. बॉयलर चालवण्याची परीक्षा तीन वर्षांतून एकदा, आणि अर्जाची मुदत आज पाचपर्यंत. जूनमध्ये मिस्त्री निवृत्त होणार. बारकी पास झाली तर बॉयलर तिच्या हाती. नाही तर बाहेरून कुणी तरी परवानावाला येणार, आणि कोणता व्हॉल्व्ह अडकतो, कोणता गळतो हे त्याला शिकवत बारकी त्याचीच मदतनीस म्हणून राबणार. ज्याचं जळतं त्याला कळतं. कारकुनाचं काही जळत नव्हतं.

तिने चिडून घरी फोन लावला. सासूबाई म्हणाल्या, "दे त्या मेल्याला फोन. नऊ महिने मोजायला मला कधी कम्प्युटर लागला नाही, आणि चारही पोरं वेळेवर झाली."

फोन अर्थातच दिला नाही. त्याऐवजी ती तणतणत धुलाईघरात गेली. मिस्त्री काचेतली पाण्याची पातळी बघत होता. त्याने मान न वळवता सगळं ऐकून घेतलं.

"मिस्त्री, मी एक एप्रिलला नाही, त्याच्या आदल्या दिवशीच आले होते. आठवतंय ना? बॉयलर साफसफाईसाठी बंद होता. तुम्हीच म्हणालात, फुंकर मारली तर उडेल अशी आहेस, तूच जाशील आत. साडेतीन तास पोटात बसून क्षार खरवडला मी. नाकातोंडात पांढरी भुकटी गेली होती. हजेरी मात्र दुसऱ्या दिवसापासून!"

"जाळ नाही तर हजेरी नाही. इथला रिवाज आहे."

"मग आता लिहा ना नाव वहीत त्या दिवसाच्या पानावर!"

"जुन्या पानाला हात लावायचा नाही," मिस्त्री म्हणाला. "आज नाव घालशील, उद्या दाबाचा आकडा घालशील. असेच बॉयलर फुटतात."

हे त्यानेच तिला शिकवलं होतं आणि ते खरंही होतं, म्हणून तिला जास्तच राग आला. आपल्याला फसवणारा माणूस असता तर निदान भांडता आलं असतं. इथे सगळे प्रामाणिक, आणि दिवस मात्र तिचाच गायब. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

मिस्त्रीने मागे न बघता खिळ्याकडे बोट दाखवलं. "चिठ्ठ्या बघ की."

भिंतीवरच्या लांब खिळ्याला चिठ्ठ्या टोचलेल्या होत्या. बॉयलरच्या आत कुणी उतरलं की नाव आणि वेळ लिहून चिठ्ठी तोंडाशी लटकवायची. तो माणूस बाहेर आला की वेळ लिहायची, आणि मगच झाकण लावायचं. मिस्त्री एकही चिठ्ठी फेकत नसे. बारकीने धुळीत शोधून शोधून ती काढली. एकतीस मार्च. आत : ९.१०. बाहेर : १२.४०. खाली सही. मिस्त्रीने अनुभवाचा नवा दाखलाही खरडून दिला आणि ती धावत सुटली.

पाचला सात मिनिटं कमी असताना ती खिडकीशी पोचली. कारकुनाने चिठ्ठी उलटसुलट केली.

"तारीख ठीक आहे. पण ही बारकी कोण?"

"मी!"

"अर्जावर तर तुमचं चांगलं लांबलचक नाव आहे."

"पहिल्या दिवशी मिस्त्रीला माझं नाव कुठे माहीत होतं? बघितलं आणि बारकी लिहिलं!"

"बारकी कुणीही असू शकते. मिस्त्रींना फोन लावा."

जाळ असताना मिस्त्री फोन उचलत नाही, हे साऱ्या धुलाईघराला ठाऊक होतं. घंटा वाजत राहिली. मागे घड्याळात पाच वाजले. कारकून कंटाळून उठला आणि खिडकीची काच खाली ओढू लागला.

तेवीस महिने, तीस दिवस आणि एक सबंध दुपार बारकीच्या डोक्यात एकदम उकळली. तिने आधी एक हात घातला, मग डोकं, मग तिरका करून दुसरा खांदा, जसं त्या दिवशी घातलं होतं तसंच. दोन श्वासांत ती कमरेपर्यंत खिडकीच्या आत होती. शिक्के घरंगळले. कारकून काच हातात धरून थिजला.

"बाई, अहो, हे काय! खिडकी बंद करायचीय!"

"आत माणूस असताना झाकण लावायचं नसतं," बारकी टेबलावर पालथी पडूनच म्हणाली. "आधी तारीख भरा. मग मी बाहेर येईन, तेव्हा वेळ लिहा."

कारकुनाने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा चिठ्ठीवरच्या नावाकडे. मग तो मुकाट्याने खाली बसला आणि त्याने सुरुवातीच्या तारखेत एकतीस मार्च भरलं.

कम्प्युटर चोवीस म्हणाला.